पहाटेचे तळेगाव

पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी मावळ पाहतो तो बहुधा धावत्या गाडीच्या खिडकीतून. लोहगड-विसापूरची जोडी दिसली की तो मुलांना बोट करून दाखवितो, कार्ल्याच्या डोंगराचे नाव घेतो, आणि खंडाळ्याचे बोगदे संपून गाडी घाट उतरली म्हणजे मावळ विसरून जातो. वाटेत तळेगाव नावाचे एक स्टेशन येऊन गेले, हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. आपल्याकडे इतिहास म्हणजे गड-किल्ले, असा एक समज दृढ झाला आहे. इतिहास पाहावयाचा तर डोंगर चढावयाचा. सपाटीवरच्या गावात काय पाहावयाचे आहे, असे आपण म्हणतो. परंतु श्रोतेहो, गड लढविणारी माणसे सपाटीवरच्या गावांतूनच वर गेली होती, आणि लढाईची खरी किंमत पुष्कळदा गडाने नव्हे, तर गावाने दिली आहे. अशा एका गावात आज आपणांस पायी हिंडवून आणावे असा माझा विचार आहे, आणि तेही पहाटेच्या वेळी.

पहाटच का, असे कोणी विचारील. दिवस वर आला म्हणजे गाव दुकानांचे आणि वाहनांचे होते. पाट्या, गर्दी व गलका यांच्याखाली त्याचा मूळ घाट झाकून जातो. पहाटे मात्र गाव आपली रचना उघडी करून दाखविते. पाणी कोणत्या अंगाने उतरते, गल्ली कोणत्या देवळाकडे वळते, बाजार कोठे भरत असावा आणि वाड्याचे तोंड कोणत्या दिशेस असावे, हे सारे रिकाम्या रस्त्यांतून चालताना पायांना आपोआप कळू लागते. नकाशा डोळ्यांनी वाचता येतो. पण चढ-उतार वाचावयाचा तर पायच हवेत. तळेगावापुरते आणखी एक कारण आहे. त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना जानेवारीच्या थंडीत घडली, आणि तिचा निर्णायक भाग रात्री सुरू होऊन पहाटेच्या अंधारात उलगडत गेला.

म्हणून हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी पुण्याहून लोणावळ्यास जाणारी पहाटेची लोकल धरावी आणि तळेगावास उतरावे. येथील लोक स्टेशनभाग आणि गावभाग असा भेद करतात. स्टेशनभाग हा आगगाडीच्या मागून आलेला. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला आणि घाटातील मार्ग १८६३ साली पुरा झाला. आपल्याला जावयाचे आहे ते गावभागाकडे. उत्तरेस इंद्रायणी आणि दक्षिणेस पवना, अशा दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर हे गाव वसले आहे. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आणि तिच्यातील बोरघाटाची खिंड. पूर्वेस पुण्याकडे उतरत जाणारे मैदान. कोकणातून देशावर येणारा व्यापारी असो, भिक्षू असो वा सैन्य असो, बोरघाट चढून आला म्हणजे त्यास याच पट्ट्यातून पुढे सरकावे लागे. कार्ले व भाजे येथील दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे किल्ले, सारे याच रहदारीच्या आधाराने वा तिच्यावर नजर ठेवण्यासाठी उभे राहिले. तळेगाव हे त्या वाटेवरील पुण्याअलीकडचे मोठे ठाणे. येथून पुणे अवघे अठरा-वीस मैल.

गावाच्या नावातच तळे आहे. पहाटे प्रथम पाण्याकडेच जावे. धुक्याचा पातळ पदर पाण्यावर पसरलेला असतो. नदी दूर असलेल्या उंचवट्यावर एवढी वस्ती कशी नांदली, याचे उत्तर हे साठविलेले पाणीच देते. तेथून डोळसनाथाच्या देवळाकडे वळावे. डोळसनाथ हे तळेगावाचे ग्रामदैवत. त्याच्या भोवतीच्या अरुंद गल्ल्यांत जुन्या गावाची वीण अद्याप ओळखू येते. पुढे बनेश्वराकडे गेले म्हणजे आपण दाभाड्यांच्या दारी येतो. शिवालयाच्या त्या निवांत आवारात सेनापती खंडेराव दाभाडे यांची समाधी आहे. ज्या घराण्यावरून हे तळेगाव ‘दाभाडे’ झाले, त्या घराण्याची कथा येथे उभे राहूनच आठवावी.

दाभाड्यांचे नाव राजाराममहाराजांच्या धामधुमीच्या काळात पुढे आले. खंडेरावांना शाहूमहाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. गुजराथेत मराठ्यांचा अंमल बसविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे बडोद्यास राज्य करणारे गायकवाड हे मूळचे दाभाड्यांचेच सरदार. इंद्रायणीकाठी इंदुरीस दाभाड्यांची गढी आहे, ती त्यांच्या भरभराटीच्या दिवसांची साक्ष होय. १७२९ साली खंडेराव वारले आणि सेनापतिपद त्यांचे पुत्र त्रिंबकराव यांजकडे आले. गुजराथेच्या वसुलावरून दाभाडे आणि बाजीराव पेशवे यांचे बिनसले. मराठ्यांचा सेनापती आणि मराठ्यांचा पेशवा १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ समोरासमोर उभे राहिले, आणि त्रिंबकराव त्या रणात पडले.

यानंतर घराण्याचा भार उचलला तो त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांनी. धाकटे पुत्र यशवंतराव यांना सेनापतिपद मिळाले. परंतु ते वयाने लहान, म्हणून कारभार उमाबाईच पाहत. सप्तशृंगीच्या गडावरील पायऱ्या ज्यांनी बांधविल्या, त्या ह्याच उमाबाई. पुत्राच्या मृत्यूचे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. १७५० साली ताराबाईंनी नानासाहेब पेशव्यांविरुद्ध उचल केली तेव्हा उमाबाईंनी त्यांची बाजू घेतली आणि दमाजी गायकवाड फौजेनिशी पेशव्यांवर चालून आला. १७५१ साली पेशव्यांनी त्यास धरिले. दाभाड्यांचे वैभव तेथेच ओसरले, आणि दोन वर्षांनी, १७५३ साली, उमाबाई निवर्तल्या. दमाजीस काही काळ ठेवण्यात आले होते ते लोहगडावर. म्हणजे ज्या गडाकडे आपला प्रवासी खिडकीतून बोट दाखवितो, तेथेच.

ही कौटुंबिक शोकांतिका सांगण्याचे कारण असे की, तिच्यावाचून पुढील प्रसंगाचे मर्म लक्षात येत नाही. १७७९ साली तळेगावावर जे संकट आले, ते पेशव्यांच्या राजधानीच्या रक्षणासाठी. आणि पेशव्यांनी तर या गावाच्या धन्यास रणांगणात गमाविलेले व दरबारात नमविलेले होते.

आता त्या प्रसंगाकडे येऊ. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाला. बारभाईंनी त्यांचा मागून जन्मलेला पुत्र सवाई माधवराव यास गादीवर बसविले, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यांना पुण्यास नेऊन कारभारावर बसवावे म्हणून १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. सुमारे ३,९०० माणसे, आणि त्यांचे सामान वाहण्यास १९,००० हून अधिक बैल. या एका आकड्यातच मोहिमेचे भवितव्य लिहिलेले होते. कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याने पुढे येऊन नोव्हेंबरअखेर घाटमाथा धरला. तेथे त्यास कोणी अडविले नाही. सेनापती कर्नल एगर्टन प्रकृतीने खचलेला. त्याच्यावर देखरेख करणारी मंडळी वेगळी. आणि बैलांचा तांडा एवढा की, दिवसाकाठी फौज एक-दोन मैल सरके. घाटमाथ्यापासून तळेगाव सुमारे वीस मैल. डिसेंबरअखेर तेथे जमलेल्या सैन्यास एवढे अंतर कापण्यास दोन आठवडे लागले.

नाना फडणीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांनी या संथ चालीचा पुरता उपयोग करून घेतला. त्यांनी समोर भिंतीसारखे उभे राहून लढाई दिली नाही. भिवराव पानसे यांच्या तोफा व घोडेस्वारांच्या टोळ्या शत्रूस दोन्ही अंगांनी टोचीत राहिल्या. ३१ डिसेंबरास लेफ्टनंट कर्नल के हा प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूचा तपास घेण्यासाठी तो झाडावर चढला असता गोळा लागला, अशी कथा सांगतात. त्याच्या धाडसावर मराठे इतके खूष होते की, त्यांनी त्यास ‘इष्टूर फाकडा’ असे नाव दिले. शत्रूच्या नावाला असे मायेने मराठी रूप देणे हे थोड्यांच्या वाट्यास येते. एगर्टनने आजारामुळे ६ जानेवारीस सूत्रे कॉकबर्नच्या हाती दिली, आणि ९ जानेवारीस इंग्रजांची फौज तळेगावास येऊन ठेपली.

मराठी सैन्य गावाबाहेर उभे दिसत होते. इंग्रज चालून जाताच ते मागे सरले. इंग्रज गावात शिरले आणि पाहतात तो गाव जळालेले! मराठ्यांनी ते आपल्याच हातांनी पेटवून दिले होते. पुढे चिंचवड आणि वेळ आलीच तर खुद्द पुणेही जाळण्याची तयारी ठेवली आहे, ही वार्ताही तेथेच इंग्रजांच्या कानी आली.

इतिहासाच्या पुस्तकांत या गोष्टीस बहुधा एखादे वाक्य मिळते. शत्रूस दाणा-वैरण मिळू नये म्हणून गाव जाळले, एवढे सांगून लेखक पुढे वडगावच्या तहाकडे धाव घेतात. पण पायी हिंडणाऱ्याने येथे थांबले पाहिजे. शिधा तोडण्यासाठीच गाव जाळले, हे उत्तर पुरेसे नाही. इंग्रजांच्या छावणीत त्या वेळी आणखी अठरा दिवस पुरेल इतका शिधा शिल्लक होता. म्हणजे पुण्यापासून अठरा मैलांवर, हाती अठरा दिवसांचे अन्न असताना ही फौज परत फिरली. तिला भुकेने परतविले नाही. मग कशाने परतविले?

माझ्या मते त्या धुराने परतविले. रघुनाथरावांनी इंग्रजांस असे भासविले होते की, आपण देशावर पाऊल टाकताच सरदार येऊन मिळतील आणि रयत स्वागत करील. सारी मोहीम या एका आशेवर उभी होती. एरवी चार हजार माणसांनी मराठ्यांच्या राजधानीवर चालून जाण्यास काय आधार होता? घाटमाथ्यापासून तळेगावापर्यंत कोणी नाव घेण्यासारखा सरदार येऊन मिळाला नाही. आणि तळेगावास रघुनाथरावांच्या स्वागतास काय उभे होते, तर जळके वासे. जे राज्य आपले भरले गाव पेटवून देते आणि पुढचे गाव व राजधानीही पेटविण्यास सिद्ध असते, त्यास दुसरा धनी नको आहे, हे सांगण्यास दुभाष्याची गरज उरली नाही. तळेगावच्या राखेने इंग्रजांची आशा संपविली.

हा निर्णय मुत्सद्द्यांचा होता हे खरे. त्याबद्दल त्यांचे कौतुकही झाले आहे. परंतु घर जळते तेव्हा ते मुत्सद्द्याचे जळत नाही. पौष-माघाची थंडी, सुगीचे दिवस, पेवांत वा कणग्यांत भरलेले धान्य, दारात बांधलेली गुरे. ज्यास ते सोडून निघावे लागले, त्याने मागे वळून काय पाहिले असेल? लहान मुले, म्हातारी माणसे व हाताशी येईल तेवढे किडूकमिडूक घेऊन तो कोणत्या वाटेने गेला असेल? पहाटे डोळसनाथाच्या मागच्या गल्लीत एखादे दार उघडते, कोणी अंगण झाडू लागते, एखाद्या घरातून दूध तापल्याचा वास येतो. अशा वेळी हा प्रश्न पुस्तकापेक्षा फार जवळ येऊन उभा राहतो. आणि दाभाड्यांची कथा आठवली म्हणजे तो अधिक बोचतो. ज्या पुण्याने या गावाचे वैभव हरण केले, त्याच पुण्यासाठी हे गाव जळले.

आता सूर्य वर येऊ लागला असेल. आपण वडगावच्या वाटेस लागू. चालणाऱ्यास ही तासा-सव्वा तासाची मजल आहे. ११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास इंग्रजांनी येथून चोरपावलांनी माघार आरंभिली. जड तोफा त्यांनी एका मोठ्या तलावात ढकलून दिल्या आणि न नेता येण्याजोगे सामान जाळून टाकले. पहा कसा योग! मराठ्यांनी गाव जाळून आत घेतलेल्या शत्रूने निघताना आपलीच सामग्री जाळली. पण मराठ्यांना हालचाल कळली आणि अंधारातच पिछाडीवर हल्ले सुरू झाले. कॅप्टन जेम्स हार्टले याने पिछाडी मोठ्या धैर्याने सांभाळली, हे मान्य केले पाहिजे. तरीही तासाभराच्या या वाटेस त्या फौजेस ती रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग लागला. १२ तारखेस ती वडगावास येऊन अडकली आणि १३ तारखेस पुढे जाण्याचे त्राण तिच्यात उरले नाही. आज रस्त्यावरची वाहने आपल्याला जेथे क्षणात ओलांडून जातात, तेथे एकेका शेताच्या बांधासाठी माणसे पडली.

वडगावास जानेवारीच्या मध्यास तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत द्यावा. बंगालहून निघालेली फौज माघारी न्यावी. भडोचच्या वसुलाचा इंग्रजांकडील हिस्सा महादजी शिंद्यांस द्यावा, अशी त्याची मुख्य कलमे. रघुनाथराव शिंद्यांच्या स्वाधीन झाले. वॉरन हेस्टिंग्जने हा तह पुढे मानला नाही. युद्ध चालू राहिले आणि ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले. तरीही मावळातील या चार दिवसांचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही. इंग्रजांचे एक अख्खे सैन्य कोंडले जाऊन त्याच्या सेनानींनी शरणागतीच्या कागदावर सह्या कराव्यात, असे प्रसंग हिंदुस्थानच्या इतिहासात फार नाहीत.

वडगावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, आणि ते योग्यच आहे. वडगावातच इष्टूर फाकड्याची समाधीही दाखवितात. परका, शत्रू, चालून आलेला, तरी शूर म्हणून लोकांनी त्याच्या थडग्यास श्रद्धेचे स्थान दिले. यात मावळच्या मनाचा मोठेपणा आहे. परंतु जेत्याचे नाव राहिले, पडलेल्या शत्रूचेही नाव राहिले, आणि ज्यांची घरे जळाली त्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाच्या प्रसिद्ध पुस्तकांत आढळत नाही. वडगावची विजयकथा तळेगावाच्या चुलींवर शिजली. पण पान वाढताना त्या चुलींची आठवण कोणास झाली नाही.

तथापि तळेगावाने स्वतःच एक उत्तर पुढे दिले आहे, असे मला वाटते. त्या जळितानंतर सव्वाशे वर्षांनी, स्वदेशीच्या काळात, अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीने पैसाफंड उभा राहिला. प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यावा, अशी ती योजना. लोकमान्य टिळकांचा तीस पाठिंबा होता. त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तज्ज्ञ म्हणून आले, आणि येथे तयार झालेले कारागीर देशाच्या निरनिराळ्या भागांतील कारखान्यांत गेले. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय याच गावी राष्ट्रीय शिक्षण देत होते. सरकारने १९१० साली ते बंद पाडले. एके काळी परचक्र थांबविण्यासाठी येथे आग लावावी लागली. पुढे त्याच भूमीवर देशाची गरज भागविण्यासाठी भट्टी पेटविली गेली. पैसा देणाऱ्यांचीही नावे आज कोणास ठाऊक नाहीत. निनावी माणसांनी दिलेल्या देण्यावर मोठे कार्य उभे राहणे, हाच या गावाच्या इतिहासाचा धागा होय. सह्याद्रीच्या कडेकपारी पायी तुडवून त्या आपल्या लेखणीतून महाराष्ट्रास दाखविणारे गोपाळ नीलकंठ दांडेकर याच गावी येऊन राहिले, हेही त्या धाग्याशी जुळते. पायी चालणाऱ्यासच अशी गावे बोलकी होतात.

मावळ आता झपाट्याने बदलत आहे. पुण्याच्या अंगाने इमारती वाढत येत आहेत, जुने वाडे उतरत आहेत, आणि गल्ल्या रुंद होत आहेत. त्यात गैर काही नाही. जळून पुन्हा उभे राहिलेल्या गावास कोणी ‘होतेस तसेच राहा’ म्हणू नये. मात्र जे कोणी तेथे नव्याने राहावयास आले आहेत, त्यांना आपण कोणत्या भूमीवर घर बांधले आहे, हे ठाऊक असावे. तळ्याच्या काठी एक साधा दगड उभा करावा, आणि त्यावर कोणा सरदाराचे नाव न घालता एवढेच कोरावे की, जानेवारी १७७९ मध्ये या गावच्या रहिवाशांची घरे राज्याच्या रक्षणासाठी जळाली. तसा दगड उभा राहील तेव्हा राहो. तोपर्यंत येत्या ९ जानेवारीस, उजाडण्यापूर्वी, ज्यास शक्य आहे त्याने तळेगावच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी, आणि आपल्या मुलांना बरोबर न्यावे.